रोटाची खालची बाजू

एका राज्यात, जिथे देव सहस्र होते आणि माणसे त्यांच्याहून फार जास्त नव्हती, उत्तरेच्या डोंगरांत नेरिक नावाचे नगर होते. तिथे राजवाडा लहान होता आणि देऊळ मोठे. वर्षातले निम्मे दिवस सणांचे. सणांच्या रीती ओल्या मातीच्या पाट्यांवर कोरून, पाट्या भाजून, देवळाच्या कोठारात रचून ठेवलेल्या असत. कोणत्या देवाला कोणता रोट, कोणत्या पावलाला कोणते गाणे, राजाने कधी बसावे आणि कधी उठावे, सगळे लिहिलेले. चुकले तर कोणाचे काय करावे, तेही लिहिलेले.

नगराचा धनी मेघदेव. वसंतात त्याचा सण येई. त्या दिवशी देव स्वतः गाभाऱ्यातून बाहेर येऊन झऱ्याकाठच्या दगडी ओट्यावर बसे. राजा त्याच्यापुढे रोट ठेवी. देव एक घास खाई, मग त्याच रोटातला एक घास राजा खाई. सण तेवढ्यासाठी होता. ढोल, शर्यती, नाच ही सगळी त्या दोन घासांची तयारी.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी देवाने रोट उचलला. एक घास घेतला. चावता चावता थांबला, रोट उलटा करून पाहिला आणि खाली ठेवला. उजवा जोडा डाव्या पायात घातला, डावा जोडा उजव्या पायात घातला, आणि झऱ्याच्या तोंडातून पायऱ्या उतरून खाली निघून गेला.

त्या दिवसापासून नेरिकच्या खिडक्यांत धूर येऊन बसला. चुलीत लाकडे गुदमरली. मेंढीने कोकराकडे पाठ केली, गाईने वासराला लाथ मारली, आणि बायका आपल्या लेकरांकडे असे पाहू लागल्या की जणू पाहुणा चार दिवस जास्त राहिला आहे. दूधवाली दूध आधी स्वतः पिऊन दाखवी. तरी घेणारी घेत नसे. दोन माणसे हसताना दिसली की तिसरा घरी जाऊन दार लावी. ज्या नगरात दाराला साधी कडीही नव्हती, तिथे लोहार दिवसभर कुलपे घडवू लागला, आणि लोक म्हणू लागले, किल्ल्या तो दोन दोन करतो, एक स्वतःकडे ठेवतो.

राजाने देवाला शोधायला गरुड पाठवला. गरुड परत आला. मधमाशी पाठवली. तीही परत आली. मग प्रश्न उरला एकच, की दोष कोणाचा.

थोरला पुजारी तिवाती म्हणाला, "देवाने रोट उलटा केला. खोट रोटात होती. रोट भाजला झिदाने."

झिदा वीस वर्षे देवाचे रोट भाजत होता. तो उत्तर देऊ शकत नव्हता. देव गेल्यापासून नवव्या दिवशी तो थंड भट्टीसमोर बसल्या जागी मेलेला सापडला होता. त्याला जाळून, हाडे तेलात बुडवून, रांजणात घालून दगडी खोलीत ठेवली होती, तिथल्या रीतीप्रमाणे. मेलेला माणूस गप्प राहतो. तिवातीला तेवढे पुरले.

पाटीवर शिक्षा लिहिलेली होती. अशा माणसाची हाडे सीमेच्या नदीपलीकडे फेकावीत, नाव सगळीकडून खरवडून काढावे, आणि त्याच्या नावाने कोणी घास ठेवू नये. ज्याच्या नावाने घास ठेवत नाहीत, तो पाताळात माती खातो.

झिदाची बायको तुन्नावी त्याच भट्टीवर पीठ चाळत असे. पंचेचाळिशीची, कमी बोलणारी बाई. ती राजापुढे गेली.

तिथले लोक राजाला 'माझे सूर्य' म्हणत. हा सूर्य त्या वर्षी फिका पडला होता. मागच्या शरदात त्याचा एकुलता मुलगा जेवता जेवता मेला होता. राजाच्या मांडीवर एक पिवळे कुत्र्याचे पिल्लू होते. सेवकाने पेला आणला. राजाने बोट बुडवून ते पिल्लाला चाटवले, थोडा वेळ पिल्लाकडे पाहत राहिला, मग स्वतः घोट घेतला. तुन्नावीने ते पाहिले. त्या वर्षी सगळेच असे काही ना काही करत होते, म्हणून तिने मनात घेतले नाही.

ती म्हणाली, "माझे सूर्य, माझ्या नवऱ्याची हाडे हलवू नका."

"का?"

"त्याने वीस वर्षे देवाला उपाशी ठेवले नाही."

"एकविसाव्या वर्षी ठेवले," तिवाती म्हणाला.

राजा म्हणाला, "सात दिवस देतो. तीन कामे कर. शकुनपक्ष्याला विचार. झऱ्यात उतर. देवाला वर आण. तिन्ही झाली तर हाडे राहतील."

"आणि दोन झाली तर?"

"तू खालीच राहशील. मग हाडांची चिंता तुला नसेल."

तुन्नावीने मान लववली आणि ती घरी आली. घरी तिची थोरली नणंद होती, हेपा. हेपाही भट्टीवर काम करी. भाऊ गेल्यापासून दोघी एका घरात राहत आणि पीठ वेगवेगळ्या मडक्यांत ठेवत. तुन्नावीच्या मडक्यावर दगड असे. हेपा आपले मडके उशाशी घेऊन झोपे.

हेपा म्हणाली, "फार लवकर आलात, वहिनी. राजानं हाकललं वाटतं."

"नाही. सात दिवस दिले."

"सात दिवसांत काय होतं? माझ्या भावाला तुम्ही नऊ दिवसांत घालवलंत."

"वन्सं, मी त्याला काही दिलं नाही."

"तेच म्हणते मी. काही दिलं नाहीत. कांजी मागत होता."

"भट्टी पेटत नव्हती."

"भट्टी कोणाचीच पेटत नव्हती. पण मेला माझाच भाऊ." एवढे बोलून हेपा आपल्या मडक्यापाशी जाऊन बसली आणि पीठ कमी झाले का ते बोटाने पाहू लागली.

पहिले काम शकुनपक्ष्याचे. देवळामागच्या कड्यावर एक राखी ससाणा राहत असे. त्याला माणसांची भाषा येई, पण तो दोनच शब्द वापरी, होय आणि नाही. खोटे बोलत नसे. एका माणसाला आयुष्यात तीनच प्रश्न विचारू देई. राजाने आपले तिन्ही प्रश्न, मुलगा गेला त्या आठवड्यात संपवले होते. तिवातीने आपले तीन तसेच राखून ठेवले होते. तो म्हणे, वेळ येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुन्नावी कडा चढली. साक्षीला तिवाती होता.

तिने विचारले, "माझ्या नवऱ्याच्या हातून चूक झाली?"

ससाण्याने चोच पिसांवर घासली. "होय."

तुन्नावी खाली बसली. वर चढताना तिने तिन्ही प्रश्न मनात लावून ठेवले होते. पण ते सगळे पहिले उत्तर 'नाही' येईल असे धरून लावलेले. मग तिने विचारले, "देव त्या चुकीमुळे गेला?"

"नाही."

आता एकच उरला. कोणाच्या चुकीमुळे गेला, त्या दिशेने एखादे नाव घेऊन विचारायला हवे होते, हे तिलाही कळत होते. पण तिच्या तोंडून दुसरेच निघाले.

"ती चूक त्याला माहीत होती?"

"होय," ससाणा म्हणाला, आणि उडून गेला.

तिवाती काठी टेकत खाली उतरू लागला. तो म्हणाला, "तीन प्रश्न. तिन्ही तू मेलेल्या माणसावर खर्च केलेस."

"दुसरे उत्तर तुम्हीही ऐकलेत."

"मी पहिले आणि तिसरे ऐकले. राजाला तेवढे सांगायला पुरे."

घरी आल्यावर ती भट्टीसमोर, झिदा बसे त्या जागी बसली. वीस वर्षे या माणसाची झोप, खोकला, पिठाचे हात तिला ठाऊक होते. सणाहून परतल्यावर नऊ दिवस तो तिच्या शेजारी झोपला होता, आणि त्याला माहीत होते. तिला वाटले, आणखी काय काय माहीत असेल? मेलेल्या माणसावर संशय घेणे फार सोपे असते. तो प्रत्येक प्रश्नाला गप्प राहतो.

हेपा दारात उभी होती. पक्ष्याची उत्तरे गावात तिच्या आधी पोचली होती. ती म्हणाली, "वहिनी, एक सांगू? तुम्हाला सांगायचं नव्हतं."

"सांगा."

"सणाच्या सकाळी त्यानं माझ्याकडून कच्ची कणीक मागून घेतली. लिंबाएवढी. रोट तर आदल्या सांजेला भाजून देवळाच्या कोठारात गेलेले. मग कणीक कशाला? मी म्हटलं, तुम्हीच मागवली असेल. काही करणी करायची असेल."

"माझ्यावर संशय घेतलात."

"घेतला."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं का?"

तुन्नावी म्हणाली, "मला खरं काही माहीतच नव्हतं, वन्सं."

हेपाने आपल्या उशाचे मडके आणले आणि पीठ तुन्नावीच्या मडक्यात ओतले. म्हणाली, "खाली जायचं तर वाट आखायला पीठ लागेल. माझं जास्त बारीक चाळलेलं आहे." आणि लगेच पुढे म्हणाली, "उरलेलं परत द्या मात्र."

देवाला परत आणायची रीत अशी, की वाट आखावी. आधी तेलाची रेघ, म्हणजे पाय घसरत, सहज यावा. मग मधाची, म्हणजे मन वळावे. मग पिठाची, म्हणजे अंधारात दिसावी. तुन्नावीने तिन्ही भांडी कमरेला बांधली आणि तिसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, ती झऱ्यात उतरली. उतरता उतरता तिने तिन्ही रेघा आखल्या.

खाली सात दारे होती आणि सातांचा एकच द्वारपाल. म्हातारा होता आणि एका दाराचे कुलूप काढून दुसऱ्याकडे जाताना कुरकुरत होता.

"वर काय चालले आहे? रोज नवी माणसे येतात आणि येताना एकमेकांकडे पाहतही नाहीत."

"देव रुसला आहे."

"ते ठाऊक आहे. माझ्याच घरात रुसला आहे. तू कशाला आलीस? इथे आलेला जात नाही."

"मी मेलेली नाही, आजोबा."

"तसे सगळेच म्हणतात," द्वारपाल म्हणाला. पण त्याने तिचा हात हातात धरून पाहिला, हात उबदार होता, आणि त्याने दार उघडले.

पाचव्या दाराच्या आत मेलेली माणसे बसली होती. एकमेकांकडे पाठ करून बसली होती. आई मुलाला ओळखत नव्हती, बहीण बहिणीला ओळखत नव्हती. ज्यांच्या नावाने वर घास ठेवला जाई, त्यांच्यापुढे घास होता. बाकीच्यांपुढे मातीच्या भाकरी होत्या. शेवटच्या रांगेत झिदा होता. आता वर त्याच्या नावाने घास ठेवायची कोणाची छाती होत नव्हती, शिक्षा ठरायच्या आधीच.

तुन्नावीने त्याला हातावरून ओळखले. उजव्या आंगठ्यापाशी भाजल्याचा जुना डाग होता.

ती त्याच्यासमोर बसली. तो म्हणाला, "बाई, आपण कोण?"

ती म्हणाली, "मी पीठ चाळते."

"बारीक चाळत जा," तो म्हणाला. त्याने मातीची भाकर उचलली, उलटी केली, खालची बाजू नीट पाहिली, बोटाने चाचपली, आणि मग खाल्ली. दुसरी उचलली. तीही उलटी करून पाहिली. तिसरीही. प्रत्येक भाकरीला तो तसेच करत होता.

कमरेच्या भांड्यात पीठ होते. ते वाटेचे पीठ होते. तिने भांड्यावर हात ठेवला, आणि मग काढून घेतला. ती उठली आणि रेघ आखत सहाव्या दाराशी गेली.

सातव्या दाराआड, झऱ्याच्या मुळाशी, मेघदेव एका दगडावर बसला होता. त्याने पाय लांब केले होते.

तुन्नावीने नमस्कार केला. म्हणाली, "जोडे उलटे आहेत."

"माहीत आहे."

"चावत असतील."

"चावतात," देव म्हणाला. "तू रोट भाजणाऱ्याची बायको."

"त्याने काय केले, ते विचारायला आले."

देव म्हणाला, "रोटाला खालून भोक होते. आंगठ्याएवढे. तुझ्या नवऱ्याला ते सकाळी कोठारात दिसले. त्याला वाटले, उंदराने खाल्ले. तुमच्या पाट्यांवर काय लिहिले आहे? ज्याच्या रोटाला उंदीर लागला, त्याचे काय करावे?"

"त्याला मारावे. बायकोला, बहिणीला, घरच्या सगळ्यांना."

"म्हणून त्याने भोकात कच्ची कणीक भरली आणि वरून मध लावला. घास घेतला तेव्हा ती कणीक माझ्या दाताला लागली. ती मी गिळली. भ्यालेल्या माणसाची कणीक मी आधीही गिळली आहे, पुढेही गिळीन."

"मग?"

"भोक उंदराचे नव्हते. सुरीचे होते. कडेला कुत्र्याची लाळ होती. तुमच्या राजाने माझ्या रोटाचा तुकडा आदल्या सांजेला कापून नेला आणि पिल्लाला घालून पाहिला. पिल्लू जगले, म्हणून रोट माझ्यापुढे आला. उष्टे खायला मी कुरकुरत नाही. पण ज्याला वाटते की माझ्याबरोबर एका रोटातले खाल्ले तर तो मरेल, त्याच्या समोर मी कशाला बसू?"

तुन्नावी म्हणाली, "आता काय करावे?"

"तू रोट भाज. मी खाईन. मग तो खाईल. मध्ये कोणी नाही."

"तो माझ्या हातचे खाणार नाही. त्याने माझ्या नवऱ्याची हाडे फेकायचे ठरवले आहे. मी विष घालीन असे त्याला वाटेल, आणि त्यात त्याचे फार चुकणार नाही."

"म्हणूनच तू भाज," देव म्हणाला.

सातव्या दाराशी काशाचे सात हंडे होते, शिशाच्या झाकणांचे. त्यांत जे जाते ते परत येत नाही. देवाने आपला राग पहिल्या हंड्यात ओतला. द्वारपालाने झाकण लावले आणि तुन्नावीला म्हणाला, "तुझाही टाक. जागा आहे."

तिने हंड्यात वाकून पाहिले. मग म्हणाली, "नको. तो कशाकशाला चिकटला आहे ते मला माहीत नाही. बरोबर काय जाईल सांगता येत नाही."

परत येताना ती पुढे चालली आणि देव पिठाच्या रेघेवरून मागे चालला. पाचव्या दारातून जाताना तिने मान वळवली नाही. झऱ्याच्या तोंडाशी आल्यावर देव शेवटच्या पायरीवर, पाण्याच्या आत, कोणाला दिसणार नाही असा बसला. म्हणाला, "इथपर्यंत आलो. पुढचे तुमचे."

पाताळात एक दुपार गेली होती. वर सातवा दिवस उजाडला होता.

तुन्नावीने भट्टीत लाकडे घातली. लाकडे गुदमरत होती. हेपा पालथी पडून फुंकत होती, डोळे लाल झाले होते. हेपाने विचारले, "तिथं दिसला का तो?"

"दिसला."

"मला विचारत होता?"

तुन्नावी म्हणाली, "पीठ बारीक चाळायला सांगितलं."

हेपा म्हणाली, "ते मलाच. तुमचं चाळणं त्याला कधी आवडलं नाही." आणि ती पुन्हा फुंकू लागली. तिसऱ्या फुंकरीला भट्टी पेटली, एका रोटापुरती.

दुपारी झऱ्याकाठी सारे नगर जमले. जो तो शेजाऱ्यापासून हातभर दूर उभा होता. राजा ओट्यासमोर बसला होता, पिल्लू मांडीवर. तुन्नावीने रोट ओट्यावर ठेवला आणि देवाने सांगितलेले सगळे, जसे ऐकले तसे, सांगितले. झिदाची कणीकही सांगितली. ती वगळता आली असती.

मग तिवाती म्हणाला, "माझे सूर्य, ही बाई चार दिवस कुठे होती कोणास ठाऊक. नवरा दोषी आहे हे पक्ष्याने सांगितले, आता तिनेही सांगितले. राहिला हा रोट. आपण गेलात तर हिला फायदाच आहे. आधी पिल्लाला द्यावा."

राजाने पिल्लाच्या मानेवर हात ठेवला. तुन्नावीला म्हणाला, "रोटात काय आहे?"

"गव्हाचे पीठ, पाणी, मीठ, मध. आणि माझा राग. तो मला बाहेर ठेवता आला नाही."

"विष?"

"नाही."

"हे मी कशावरून मानू?"

"कशावरूनच नाही, माझे सूर्य. त्यासाठीच हा सण आहे."

राजा रोटाकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, "माझा मुलगा माझ्या शेजारी बसून जेवत होता. हसत होता. पुढच्या घासाला गेला. कोणी दिले ते कळले नाही."

"पक्ष्याला विचारलेत."

"विचारले. आचाऱ्याने दिले का? नाही म्हणाला. माझ्या भावाने? नाही. राणीने? नाही. तीन प्रश्न संपले."

"विष होते का, असे विचारलेत?"

राजाने मान वर केली. पिल्लू खाली उतरून ऊन शोधत गेले, ते त्याला कळले नाही.

"नाही," तो म्हणाला. "ते मला सुचले नाही."

तिवाती पुढे झाला. "माझे सूर्य, माझे तीन शिल्लक आहेत. आत्ता कड्यावर जाऊन विचारतो. रोटाचेही विचारतो."

राजा म्हणाला, "थांब." आणि उठून त्याने रोट दोन्ही हातांत घेतला. उलटा केला नाही. झऱ्याच्या तोंडाशी गुडघे टेकून त्याने तो पाण्यावर धरला. पाण्यातून एक हात आला, त्याने एक तुकडा मोडून घेतला आणि तो हात पुन्हा पाण्यात गेला. मग राजाने त्याच कडेचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

तो चावत होता. सारे नगर त्याच्या घशाकडे पाहत होते. तुन्नावीही पाहत होती, कारण आपल्या हाताने काय काय घातले याची तिलाही त्या क्षणी पुरती खात्री नव्हती. त्या वर्षी कोणालाच कशाची नव्हती.

राजाने घास गिळला. म्हणाला, "मीठ कमी आहे."

"हात थरथरत होता," तुन्नावी म्हणाली.

तेव्हा मेघदेव पायरी चढून वर आला, ओट्यावर बसला आणि त्याने जोडे काढून सरळ घातले. खिडक्यांतला धूर उठला आणि डोंगराकडे गेला. चुलीत लाकूड तडतडले. मेंढीने कोकराला हुंगले. गर्दीत एका बाईने कडेवरच्या मुलीचे नाक पुसले आणि पुसता पुसता तिला रडू आले. डोंगरावर ढग जमला, आणि देवाने उरलेला रोट मागून घेतला, कारण त्याला भूक लागली होती.

राजाने त्याच दिवशी ओली माती मागवली आणि दोन ओळी कोरायला सांगितल्या. पहिली ओळ अशी: देव खाईल, मग राजा खाईल, मध्ये कोणी नाही. दुसरी अशी: रोटाला भोक दिसले तर भाजणाऱ्याने ते दाखवावे, दाखवणाऱ्याला शिक्षा नाही. कोरण्याचे काम तिवातीला दिले. त्याने अक्षर चांगले काढले, आणि त्याचे तीन प्रश्न त्याच्यापाशी तसेच राहिले. राजाने ते कधी मागितले नाहीत. पिल्लू स्वयंपाकघराच्या अंगणात वाढले आणि फार लठ्ठ झाले.

झिदाची हाडे जागची हलली नाहीत. नाव पाटीवर राहिले, आणि त्याच्या कणकेची हकीगतही खाली लिहिली गेली, कारण ती खरी होती.

आठव्या दिवशी तुन्नावी आणि हेपा रोट घेऊन दगडी खोलीत गेल्या. हेपाने रांजण पुसला. तुन्नावीने रोट ठेवला.

हेपा म्हणाली, "वहिनी, उलटा ठेवलात."

"असू द्या," तुन्नावी म्हणाली.

रोटाची खालची बाजू वर होती, सबंध, एकसारखी भाजलेली. झिदाला ती उलटून पाहावी लागणार नव्हती.